पूर्ण सहमत

संक्रांत जवळ आली की परभणीतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या रस्त्यांना धुराचा वास यायला लागतो. ज्वारीची कणसं भरत आलेली असतात, दाणा अजून कोवळा असतो, आणि बांधाबांधावर गोवऱ्यांच्या आगट्या पेटतात. परवा शाळेतून येताना जिंतूर रस्त्याला यांनी गाडी थांबवली. एका शेताच्या कडेला बाई बसली होती, गरम कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून दाणे कागदात टाकत होती. सोबत तिळाची चटणी, गूळ, बोरं. हे म्हणाले, "घेऊ का?" मी नको म्हणाले. ह्यांना वाटतं मला हुरडा पचत नाही. लग्नापासून वाटतंय, आणि मीही ते तसंच चालू दिलंय. एकदा पोटाचं कारण सांगितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.

पण वास कुठे टाळता येतो? गाडी पुढे निघाली तरी तो ओढणीला चिकटून घरापर्यंत आला, आणि त्याच्याबरोबर तो हिवाळा आला. दादाच्या पीएचडीचा हिवाळा.

मिलिंद, माझा थोरला भाऊ, तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होता. म्हणजे तास झाला तर पगार. सुट्टी लागली की पगारसुद्धा सुट्टीवर. कायम व्हायचं तर पीएचडी हवी. त्यानं विषय घेतला, 'परभणी जिल्ह्यातील ग्रामीण गुंतवणूकदारांच्या भांडवल बाजारविषयक वर्तनाचा चिकित्सक अभ्यास'. हे नाव एका दमात म्हणून दाखवायची आमच्या घरात पैज लागायची आणि अण्णा दर वेळी 'बाजारविषयक'ला अडखळायचे. दादाच्या टेबलावर जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. माणसं पैसा कुठे लावतात, का लावतात, शेजाऱ्यानं लावला म्हणून लावतात का, तोटा झाल्यावर अजून का लावतात. मी एकदा चाळून बघितलं होतं. सगळी माणसं त्यात शहाणी किंवा मूर्ख होती, भिडस्त कुणीच नव्हतं. मला तेव्हाच वाटलं होतं, ही पुस्तकं आमच्याकडे येऊन लिहिलेली नाहीत.

पहिल्या फेरीला दादा एकटा गेला. खांद्याला बॅग, पायात बूट, हातात प्रश्नावल्यांचा गठ्ठा. पेडगावात त्याला बघून दारं आतून लागली. बँकेचा वसुलीवाला असावा असं लोकांना वाटलं. दुसऱ्या गावात विमा एजंट ठरवलं गेलं. एका घरी तर ओट्यावर बसलेल्या माणसानं स्वतःच सांगितलं, "मालक घरी न्हाईत." दादा दमून परत आला आणि बूट न काढताच पलंगावर आडवा झाला. अण्णांनी वर्तमानपत्राच्या आडून विचारलं, "काय म्हणायलेत लोक?"

"बोलतच न्हाईत."

"उद्या मी येतो."

अण्णा म्हणजे आमचे वडील. सारी नोकरी त्यांनी झरी गावाच्या पुढच्या त्या पट्ट्यात प्राथमिक शिक्षक म्हणून काढली. एका गावात त्यांना सुरुवातीला पाणी वरून ओतून मिळायचं. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली होती, पण गावच्या तांब्यापर्यंत ती बातमी पोचायला फार उशीर लागला. अण्णा कधी भांडले नाहीत. शाळा उघडली, पोरं शिकवली, त्या पोरांची पोरं शिकवली. आणि निवृत्त होईस्तोवर त्याच गावात असं झालं की हुरड्याची आगटी पेटली की पहिली मूठ गुरुजींच्या ओंजळीत पडल्याशिवाय कुणी दाणा तोंडात टाकत नसे. त्यांनी आयुष्यात मिळवलेलं एवढंच. पेन्शनपेक्षा ते या मुठीबद्दल जास्त बोलायचे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं निघालो. मी तेव्हा डीएड करून घरीच होते, आणि बायकांशी बोलायला बाई हवी म्हणून मला घेतलं. अण्णा पुढे, दादा मागे, मी सगळ्यांत मागे. कालपर्यंत बंद असलेली दारं सताड उघडली. "गुरुजी आले, गुरुजी आले" करत बाजा टाकल्या गेल्या, चहा आला, शेतावर नेलं गेलं. आगटीभोवती बसून दादा प्रश्न विचारायचा आणि उत्तरं ढीगभर यायची. इतकी, की त्याला लिहून पुरं होईना.

बायकांच्या घोळक्यात माझी मजा असायची. मी विचारायचे, "तुमची जोखीम घ्यायची तयारी आहे का?"

"जोखीम म्हंजे काय गं बाई?"

"नुकसान होऊ शकतं हे माहीत असून करायचं ते."

एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मंग माझ्या लग्नाचं लिव त्याच्यात." सगळ्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी पण. ते हसू आठवलं की आज जिवाला लागतं, कारण त्या हिवाळ्यातलं ते शेवटचं निर्मळ हसू.

गोची एकच होती. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय होते. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. आणि ज्या माणसाला विचारलं तो दादाकडे बघतच नसे, अण्णांकडे बघायचा. अण्णांची मान जराशी हलली की उत्तर ठरायचं. ती तर त्यांची सवयच होती, वर्गात पोरगं धडा वाचायला लागलं की त्यांची मान आपोआप हलायची. वाच, वाच, एवढाच तिचा अर्थ. दादाच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं की प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र आलं पाहिजे, एकाच्या उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम नको. पण आमच्याकडे आगटीभोवती माणूस एकटा बसतो कुठे? आणि गुरुजींसमोर 'पूर्ण असहमत' म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या पानात वाढलेलं काढून घेणं. ते कोण करणार?

बालाजीकडे आम्ही शेवटी गेलो. मुद्दाम शेवटी, कारण अण्णांना तिथं जास्त वेळ बसायचं होतं.

हा बालाजी अण्णांचा विद्यार्थी. त्याचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, अंथरुणं आणि लेकरं भरून टोळी निघायची ती उन्हाळा लागल्यावर परतायची. लेकरांची शाळा अर्ध्यात सुटायची आणि मग सुटायचीच. बालाजी दुसरीत असताना टोळी निघायच्या दिवशी अण्णा सकाळीच ट्रॅक्टरपाशी जाऊन उभे राहिले. बापाशी हुज्जत घातली, मुकादमाशी घातली, आणि पोराला ट्रॉलीतून उचलून खाली घेतलं. त्याला आजीपाशी ठेवलं, डबा आमच्या घरून जायचा. बालाजी दहावी झाला, बारावी झाला, आणि गावात पिठाची गिरणी टाकली. त्याच्या पापण्यांवर कायम पीठ असायचं. अण्णा गमतीनं म्हणायचे, "ही गिरणी माझी हाय, तू नुसता चालवायलास." त्या घरातून कोयता गेला, याचा अण्णांना जो आनंद होता तो आमच्या दोघांच्या कुठल्याच निकालाला झालेला मी पाहिला नाही.

त्या दिवशी बालाजीनं गिरणी बंद ठेवून सासऱ्याच्या शेतात हुरडा केला होता. त्याची बायको संगीता कणसं चोळत होती, लहानगी पूजा बापाच्या पाठीवर रेलली होती. पहिली मूठ अण्णांना. मग दादानं प्रश्नावली काढली. 'शेअर बाजारात गुंतवणूक केल्यास भविष्य सुरक्षित होते असे मला वाटते.'

बालाजीनं अण्णांकडे पाहिलं. "गुरुजी, तुमाला काय वाटतंय?"

दादा घाईनं म्हणाला, "तुमचं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय सर. गुरुजी, हे चांगलं असतं का?"

अण्णांना शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपला पोरगा त्याच्याच अभ्यासाला वाहून घेतलेला, समोर लाडका विद्यार्थी, आणि हातात गरम हुरडा. ते म्हणाले, "आरं, शिकून केलं तर काय वाईट हाय? आमचा मिलिंद एवढा शिकायलाय, ते काय उगंच?"

"मंग लिवा," बालाजी म्हणाला. "पूर्ण सहमत."

पुढचे सगळे प्रश्न त्यानं तसेच उत्तरले. दादानं एकदा माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मला हसू आलं. प्रश्न विचारणं म्हणजे सल्ला देणं नव्हे, हे आम्हा दोघांना इतकं साधं वाटत होतं की कुणाला सांगावं असं सुचलंच नाही. पण गावात शिकलेला माणूस दारात येऊन एखादी गोष्ट करणार का असं विचारतो, तेव्हा ती करण्यासारखी असते. लसीचं तसंच होतं, बचत गटाचं तसंच होतं, पोरीला शाळेत घालण्याचं तसंच होतं. अण्णांनी जन्मभर असंच तर विचारलं होतं दारोदार, "पोरीला शाळेत घालणार का?" तो काय नुसता प्रश्न होता?

उन्हाळ्यात बालाजीचे दादाला फोन यायला लागले. कोणता शेअर घेऊ, कधी विकू. दादा म्हणायचा, "मी फक्त अभ्यास करतो हो, मला ह्यातलं सांगता येत नाही." बालाजीला ते नम्रपणाचं वाटलं. एवढी पुस्तकं वाचणाऱ्याला माहीत नसेल कसं? मग तो मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकला. गुरुजी म्हणाले होतेच, शिकून केलं तर वाईट नाही. शेअरवरून ऑप्शनच्या सट्ट्यावर कधी गेला कुणाला कळलं नाही. श्रावणात एकदा पेढे घेऊन परभणीला आला, अण्णांच्या पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, गिरणीत दिवसभर पीठ खाऊन जे मिळत न्हाई ते सकाळच्या पारी मिळायलंय." अण्णांनी पेढा खाल्ला. दुपारभर ते खुशीत होते, मिलिंदच्या अभ्यासाचा असा उपयोग झाला म्हणून शेजाऱ्यांना सांगत होते. दादा घरी नव्हता. असता तर काही बोलला असता का, कोण जाणे.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा नेहमीसारखे हुरड्याला निघाले. बोलावणं यायची वाट त्यांना कधी बघावी लागत नसे. मला म्हणाले, "चल, पूजासाठी फ्रॉक घेतलाय." गावात उतरलो तर गिरणीला कुलूप. शटरवर धूळ. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत होती. अण्णांना बघून तिनं पदर सारखा केला.

"बालाजी कुठं हाय?"

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "गेला गुरुजी, टोळीत. दिवाळीच्या मागं. मोबाईलवरच्या बाजारात समदं बुडालं, मशीन इकली त्यानं. मुकादमाची उचल घेतली. दोघं नवरा-बायको मिळून एक कोयता."

"आन् पूजा?"

"तिला मागं कोण बघणार? नेली की."

अण्णा त्या शटरसमोर उभे राहिले. मी म्हटलं, अण्णा, बसा जरा. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही परत फाट्यापर्यंत चालत आलो. वाटेत दोन-तीन आगट्या पेटलेल्या होत्या, लोकांनी हाका मारल्या, "या गुरुजी, या." आवाजात तोच मान होता. कुणी रागावलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. बालाजीचंच नशीब, असं एक जण म्हणाला सुद्धा. मला वाटतं कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. ओंजळ पुढे करायला त्यांचे हातच उठेनात. एसटीत बसल्यावर एकच वाक्य बोलले. "ट्रॉलीतून उतरवलं व्हतं मी त्याला."

घरी आल्यावर त्यांनी दादाला सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एखादी रजा मंजूर झाली नाही हे सांगावं तसं. दादा ऐकत राहिला. जेवला नाही. मी त्याच्यावर फार चिडले होते, पण त्याचा चेहरा बघून चीडही टिकेना. त्यानं काय चूक केली होती? शास्त्रात सांगितलं तसं विचारलं, ऐकलं तसं लिहिलं. अण्णांनी काय चूक केली होती? मुलाला मदत केली. बालाजीनं काय चूक केली होती? ज्या माणसामुळे आयुष्य सुधारलं होतं त्याचंच पुन्हा ऐकलं. कुणाचीच चूक नसलेलं नुकसान फार वाईट असतं, कारण मग ते कुणाच्याच दारात नेऊन टाकता येत नाही. मोठाल्या बाजारांत कुठेतरी कोणीतरी त्या दिवशी नफा मोजला असेल. त्याला झरी कुठे आहे हेही माहीत नसणार.

दादानं मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद टाका. चांगलं दिसतं. मर्यादा नसलेला प्रबंध परीक्षकांना खटकतो."

मौखिक परीक्षा त्यानंतरच्या हिवाळ्यात झाली. खुली असते ती, पाहुणे-रावळे सगळे येतात. जिलेबीचं जेवण उमेदवाराकडून, शाली-श्रीफळं उमेदवाराकडून. अण्णा पांढरा सदरा घालून मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. आदल्याच आठवड्यात ते गावी जाऊन आले होते. शटर बंदच होतं. पूजा दुसऱ्यांदा उसाच्या फडावर गेली होती आणि शाळेच्या पटावरून तिचं नाव कमी झालं होतं. ते त्यांनी मला सांगितलं होतं, दादाला नाही. परीक्षेच्या तोंडावर कशाला, म्हणाले.

दादानं पडद्यावर आलेख दाखवले. बाहेरून आलेले परीक्षक खूष होते. "एकाही व्यक्तीनं नकार दिला नाही, हे विलक्षण आहे," ते म्हणाले. "एवढा विश्वास कसा संपादन केलात?" दादा गडबडला. मग त्यानं मर्यादांचं पान काढून वाचलं. "स्थानिक प्रतिष्ठित व्यक्तीच्या उपस्थितीमुळे प्रतिसादकांनी सौजन्यापोटी होकारार्थी उत्तरे दिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." वाचताना त्यानं मान वर केली नाही. मी अण्णांकडे बघितलं. ते सरळ पडद्याकडे बघत होते आणि त्यांची मान हलत होती, पोरगं धडा वाचताना हलते तशी.

शेवटी अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचंय का? अशा वेळी कुणी विचारत नसतं, लोक चपला शोधायला लागतात. अण्णा उठून उभे राहिले.

"मी त्यातली प्रतिष्ठित व्यक्ती," ते म्हणाले. थोडा हशा पिकला. "माझा एकच प्रश्न हाय. ज्यांना इचारलं, त्यांचं पुढं काय झालं? एकाची गिरणी गेली. त्याची पोरगी शाळेतून कमी झाली. ते याच्यात कुठं येतं?"

परीक्षक सज्जन होते. त्यांनी चष्मा काढला, जरा विचार केला. "काका, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पण तो या संशोधनाच्या कक्षेबाहेर जातो."

"बरं," अण्णा म्हणाले आणि खाली बसले. मग टाळ्या वाजल्या. दादाला डॉक्टर म्हणून पहिल्यांदा हाक मारली गेली, वडिलांचाही सत्कार झाला, फोटो निघाले. फोटोत अण्णा हसताहेत. कसे हसले कोण जाणे.

घरी आल्यावर दादा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. नवी कोरी शाल अजून गळ्यात होती. "अण्णा, मी तुमचं नाव न्हाई घेतलं."

"घेतलं असतंस तरी चाललं असतं. नावाचं काय न्हाई रे." अण्णा म्हणाले. "पण तू लिवलंस, लोकांनी माझं मन राखायला हो म्हणलं. समद्यांचं तसं असंल. बालाजीचं न्हाई. त्यानं मनापासून म्हणलं आन् म्हणलं तसं केलं. त्याचं उत्तर खरं व्हतं. तेवढं एक दुरुस्त करता येतंय का, बघ."

दादानं शाल गळ्यातून काढली. म्हणाला, "आता न्हाई करता येत, अण्णा. मंजूर झालाय तो."